डिचोलीचा कुंभार आणि माझ्या हातून बंद झालेलं एक खातं



गेल्या महिन्यात नात सुट्टीला आली होती. तिच्या हट्टापायी आमच्या पेडणे तालुक्यातच एका मुलीच्या मातीकामाच्या जागेवर गेलो. मुलगी म्हणजे तिशीची असेल. चाकावर हाताने भांडी करते. वाट्या, कप, ताटल्या. फणसाचं पान ओल्या मातीवर दाबून त्याच्या शिरा उमटवलेली ताटली, आणि कडेला लाटेसारखी वळलेली वाटी. एक फुलदाणी तर हुबेहूब रोयणीसारखी. आमच्याकडे सातेरी म्हणजे रोयण, वारुळाची माती. लहानपणापासून हात जोडत आलो ती वस्तू फुलदाणी होऊन समोर उभी, जरा विचित्रच वाटलं. पण छान होती, खोटं कशाला सांगू.

नातीने एक कप उचलला. किंमत विचारली. साडेसहाशे रुपये.

मी कप खाली ठेवला. नात म्हणाली, "आजोबा, हातानं केलाय." मी म्हटलं, "हातानं केलेलीच भांडी आम्ही वापरली, बाय. ती भाताच्या बदल्यात मिळायची." ती मुलगी चाकावरून मान वर करून हसली, म्हणाली, "काका, ती भांडी करणाऱ्यांचं पुढे काय झालं?"

तिने सहज विचारलं असेल. पण त्यातल्या एकाचं काय झालं ते मला ठाऊक आहे. त्याच्या खात्याच्या लेजरवर सही माझी आहे. हे मी चाळीस वर्षं कुणाला नीट सांगितलेलं नाही. आज लिहितो.

आधी जुनं थोडं. माझा जन्म १९५१चा. आमच्या घरात आजीच्या राज्यात धातूचं भांडं म्हणजे पाण्याची तांब्याची घागर आणि देवाची उपकरणं, बाकी सगळी माती. माशाच्या आमटीला कुंडलं, पेजेला तवली, न्हाणीत पाणी तापवायला भाण, दह्याला बुडकुलो. आणि ओट्यावर पाण्याचा गुरगुलेट. लांब मानेचा, थंड पाण्याचा. हे नाव पोर्तुगीज 'गोर्गोलेता'वरून आलं असं आमच्या मास्तरांनी सांगितलं होतं. भांडं आमच्या मातीचं आणि नाव लिस्बनचं, गोव्यात हे चालायचंच. लोणच्याचा बोयांव तेवढा चिनी मातीचा, त्याला मुलांनी हात लावायचा नाही.

पेडणे महाल पोर्तुगिजांकडे गेला १७८८ साली, तोपर्यंत तो सावंतवाडीकरांचा. डिचोली त्याच्या काही वर्षं आधी गेली. त्यामुळे आमच्या गावांच्या चालीरीती बार्देशापेक्षा वाडीकडच्या जास्त. कुंभार, सुतार, लोहार यांचं देणं रोखीत क्वचितच. भात झोडून झालं की कुंभारीण डोक्यावर हारा घेऊन यायची, वर्षाची भांडी टाकायची आणि आजी तिला पायलीने भात मोजून द्यायची. मडकं फुटलं तर बदलून मिळे. आजी प्रत्येक मडकं कानाजवळ धरून बोटाने वाजवून घ्यायची. बद्द आवाज आला की परत. कुंभारीण वाद घालायची नाही. तिलाही आवाज कळायचा.

पुढे हे सगळं एकदम नाही, हळूहळू गेलं. कौलांचंच घ्या. पूर्वी आपल्या घरांवर नळे असायचे, अर्धगोल, तेही कुंभाराच्या हातचे. १८६५ साली मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला आणि सपाट मंगळुरी कौलं सगळ्या किनाऱ्यावर पसरली. कुंभाराचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक, म्हणजे छप्पर, तिथेच गेलं. मग ॲल्युमिनियमची पातेली आली, मुक्तीनंतर स्टील आलं, मग प्लास्टिकच्या कळश्या. मी बी.कॉम. झालो तेव्हा (गोवा विद्यापीठ १९८५चं, आमची पदवी मुंबई विद्यापीठाची) आमच्या स्वयंपाकघरात मातीचं म्हणून फक्त कुंडलं उरलं होतं. तेही आजीसाठी.

१९७३ला मी बँकेत लागलो. बँकेचं नाव लिहीत नाही, आणि त्याची गरजही नाही, कारण चूक बँकेपेक्षा माझी जास्त होती. १९६९च्या राष्ट्रीयीकरणानंतरचे ते दिवस. बँक गावात गेली पाहिजे, गरिबाला कर्ज मिळालं पाहिजे, हे आम्हाला मनापासून पटलेलं होतं. टिंगल नाही करत, खरंच पटलेलं होतं. २ ऑक्टोबर १९८० पासून एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम देशातल्या सगळ्या गटांत लागू झाला, आपण त्याला आयआरडीपी म्हणायचो. वर्षाला साडेतीन हजारांखाली उत्पन्न असलेलं कुटुंब दारिद्र्यरेषेखाली धरायचं, गट विकास कार्यालयाने यादी करायची, बँकेने कर्ज द्यायचं, सरकारने सबसिडी द्यायची. ग्रामीण कारागिराला सबसिडी एक तृतीयांश.

१९८४च्या मार्चमध्ये मी डिचोली तालुक्यातल्या एका शाखेत फील्ड ऑफिसर होतो. धारगळहून कोलवाळ, अस्नोडा करत स्कूटरने जायचो. मार्च म्हणजे टार्गेट. ज्यांनी बँकेत दिवस काढले त्यांना जास्त सांगायला नको. यादीत एक कुंभार होता. डिचोली मातीकामासाठी जुनी प्रसिद्ध, तशीच पितळेच्या समयांसाठीही. वाड्यावर गेलो तेव्हा तो पन्नाशीचा असेल. मी त्याला आबा म्हणायचो, तो मला सायब.

त्या दिवशी पहिल्यांदा मी हे काम जवळून पाहिलं. जड चाक, जमिनीलगत. त्याच्या कडेच्या खाचेत दांडा घालून आबा गरगर फिरवायचा, दांडा बाजूला टाकायचा आणि चाक फिरतं आहे तोवर मडक्याचं तोंड, मान आणि खांदे उभे करायचा. दोऱ्याने कापून उतरवायचा. मला वाटलं झालं. कसलं झालं! ते मडकं खालून जाड, बिनगोलाईचं. दोन-तीन दिवस सावलीत थोडं कडक झालं की त्याची बायको ते मांडीवर घ्यायची, आतून गुळगुळीत दगड धरायची आणि बाहेरून लाकडी थापीने थापटत थापटत त्याला पोट आणायची. चाकावर अर्धं मडकं होतं, उरलेलं अर्धं बायकोच्या मांडीवर. कर्जाच्या अर्जात मात्र कारागीर एकच लिहायचा होता. मी आबाचं नाव लिहिलं.

मग वाळवणं, आणि शेवटी आवा. मडकी रचून, त्यांत लाकूड, सोडणं, गवत घालून, वरून झाकून पेटवायचं. उघड्या आव्यात सातशे-आठशे अंशांच्या आसपास उष्णता मिळते. एवढ्यात माती पक्की होते, पण तिची छिद्रं बुजत नाहीत. म्हणून तर पाणी बाहेर झिरपतं, त्याची वाफ होते आणि आतलं पाणी गार राहतं. आपल्या मातीत लोह भरपूर, हवा खेळती असली की मडकं लाल निघतं, धूर कोंडला की काळं. आबा म्हणायचा, आव्यातून निघेपर्यंत मडकं आपलं नसतं. ओलसर राहिलं असेल तर आत स्फोट झाल्यासारखं फुटतं आणि शेजारची चार घेऊन जातं.

तो घुमटंही करायचा. चवथीच्या आरतीला घुमट, शामेळ, कांसाळं नसेल तर आमच्याकडे चवथ झाल्यासारखी वाटत नाही. दोन्हीकडून उघडं असं हे मडकं. मोठ्या तोंडावर कातडं ताणून बसवतात. पूर्वी ते घोरपडीचं असे, वन्यजीव कायद्याने त्याला बंदी आली आणि आता बकऱ्याचं लावतात. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी, मीही. वाजवणाऱ्याचे सत्कार होतात, घुमटाचं मडकं ज्याने थापलं त्याला मात्र व्यासपीठावर मी अजून पाहिलेलं नाही.

असो. मी अर्ज भरला. चाकाची दुरुस्ती, माती, लाकूड, मडकी ठेवायला झावळ्यांची शेड, सगळं मिळून तीन हजार. त्यात हजार सबसिडी, दोन हजार बँकेचं कर्ज. मी विचारलं, दिवसाला किती मडकी होतात? त्याने आकडा सांगितला. मी त्याला पंचवीसने गुणलं, महिन्याचं आलं. बाराने गुणलं, वर्षाचं आलं. मडक्याचा भाव लावला, खर्च वजा केला. हप्ता बसला महिना साधारण पासष्ट रुपये, छत्तीस महिने. मॅनेजरने पाच मिनिटांत मंजूर केलं. ३१ मार्चच्या आत पैसे दिले. टार्गेट पूर्ण.

संत गोरोबांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. तेरच्या त्या कुंभाराने थापटी घेऊन जमलेल्या संतांच्या डोक्यावर मारून कोण पक्कं आणि कोण कच्चं ते पाहिलं, आणि नामदेव कच्चे निघाले. मीही त्या मार्चमध्ये फायलींवर थापटी मारत फिरत होतो. कच्चा कोण होता ते जुलैत कळलं.

एप्रिल-मेचे हप्ते वेळेवर आले. जून आला नाही. जुलै आला नाही. मी रेनकोट घालून वसुलीला गेलो. चाक भिंतीला टेकवून उभं. आव्याच्या जागी पाण्याचं तळं. चुलीच्या वरच्या माळ्यावर धुरात दहा-बारा छोटी मडकी वाळत ठेवलेली, तीही दमट. मी कडक आवाजात हप्त्याचं विचारलं. आबा शांतपणे म्हणाला, "सायबा, पावस बँकेक विचारून येता?"

मी बाराने गुणलं होतं. गोव्यात जून ते सप्टेंबर कुंभाराचा आवा पेटत नाही, हे धारगळच्या शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या मला कुणी सांगायची गरज होती का? त्याचं वर्ष दिवाळीच्या आधी पणत्यांनी सुरू व्हायचं आणि मेच्या पुरुमेताच्या फेस्तांत, लोक पावसाळ्याची बेगमी करतात तेव्हा, संपायचं. मधल्या महिन्यांत त्याला कमाई नाही. त्यातही जे पैसे एप्रिल-मेमध्ये येत, त्यांतून तो पुढच्या हंगामाची माती शेतातून काढून झावळ्यांखाली साठवायचा आणि लाकूड कोरडं असतानाच भरून ठेवायचा. म्हणजे पावसाळ्यात त्याची शिल्लक पैशांत नसायची, मातीत आणि लाकडात असायची. आम्ही कॉमर्सवाले ज्याला कच्च्या मालाचा साठा म्हणतो तोच. ताळेबंदात मी तो दाखवलाच नव्हता.

सर्वांत लाज वाटते ती पुढच्या गोष्टीची. त्याच कपाटात पीककर्जाच्या फायली होत्या, त्यांची फेड कापणीनंतर. मच्छीमारांच्या कर्जात पावसाळ्याची सूट होती, कारण होड्या वर ओढलेल्या असतात. कुंभारालाही सहामाही हप्ता बांधून देता आला असता. महिन्याचाच हवा असं मला दिलेल्या कुठल्याही कागदात लिहिलेलं नव्हतं. छापील फॉर्ममध्ये 'मासिक' होतं, मी ते खोडलं नाही. एवढंच.

ऑगस्टमध्ये थकबाकीची नोटीस गेली. माझ्या सहीने. चवथीच्या आठ दिवस आधी. सप्टेंबरच्या शेवटी आबा शाखेत आला, ओल्या धोतराने काउंटरसमोर उभा राहिला आणि सगळे थकलेले हप्ते एकदम भरले. मी खूश. "बघा, म्हटलं तर होतं की नाही," असं काहीसं बोललोसुद्धा. त्यानंतर तो एकदाही चुकला नाही. १९८६च्या एप्रिलमध्ये उरलेली रक्कम एकरकमी भरून खातं बंद केलं. जवळजवळ वर्षभर आधी. जाताना वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक गुरगुलेट माझ्या टेबलावर ठेवला. "सायबाक," म्हणाला. लेजरमध्ये मी लाल शाईने लिहिलं, 'मुदतीपूर्वी बंद'. त्या वर्षीच्या तपासणीत आमच्या शाखेच्या वसुलीचं कौतुक झालं, त्यात हे खातं उदाहरण म्हणून होतं.

पाच-सहा वर्षांनी साखळीच्या रस्त्यावर खनिजाचा एक ट्रक माझ्याजवळ थांबला. ड्रायव्हर खाली उतरला, "सायब, वळखलें?" आबाचा मुलगा. चहा प्यालो. बोलता बोलता त्याने सांगितलं. नोटीस आल्यावर बापाने साठवलेलं लाकूड एका चहाच्या दुकानाला विकलं, आणि माती कुणी मूर्तिकार घेऊन गेला. त्या दिवाळीला पणत्या झाल्याच नाहीत. पणत्या नाहीत म्हणून हातात पैसे नाहीत, पैसे नाहीत म्हणून पुढची माती नाही. मुलगा खाणीवर ट्रकचा क्लीनर म्हणून लागला, नंतर ड्रायव्हर झाला, आणि उरलेले हप्ते त्याच्या पगारातून गेले. कर्ज काढलं होतं चाक चालावं म्हणून, आणि फेडण्यासाठी थांबलं ते चाकच. मुलाच्या बोलण्यात राग नव्हता. उलट म्हणाला, त्या निमित्ताने मी गाडीवर लागलो, बरंच झालं. "मडक्यांनी कोणाचें पोट भरलां?"

त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. खाणींचा पैसा त्या वेळी डिचोलीच्या घराघरांत होता. पण २०१२ला खाणी बंद झाल्या, मग थोड्या सुरू झाल्या, आणि २०१८च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्यावर ट्रक पुन्हा दारांत उभे राहिले. त्या दिवसांत मला तो मुलगा फार आठवायचा. ट्रकचंही कर्ज असतं आणि त्याचाही हप्ता महिन्याचाच असतो. तोपर्यंत मी निवृत्त झालो होतो. आबा त्याच्या बऱ्याच आधी गेला होता.

आता सरकारची विश्वकर्मा योजना आहे, १७ सप्टेंबर २०२३ला सुरू झाली. अठरा व्यवसायांत कुंभार आहे. प्रशिक्षणात रोज पाचशे रुपये, अवजारांसाठी पंधरा हजार, पहिलं कर्ज एक लाख पाच टक्क्यांनी. योजना चांगली आहे, आमच्या वेळेपेक्षा कितीतरी चांगली. विजेचं चाक घेता येईल, बायकोचंही नाव कारागीर म्हणून लागेल अशी आशा धरतो. पण माहितीपत्रक हातात आलं तेव्हा माझी नजर आधी फेडीवर गेली. अठरा महिने. कुठल्याही महिन्यात सुरू करा, अठरा महिन्यांत एक अख्खा पावसाळा येतोच, जूनला सुरू केलं तर दोन. आज बँकेत असलेले कुणी हे वाचत असतील तर एवढं करा, कुंभाराचा अर्ज आला की त्याला आधी विचारा, आवा कुठल्या महिन्यात पेटतो.

त्या मुलीकडे मी दुसऱ्यांदा गेलो, एकटा. या वेळी वही घेऊन. तिला म्हटलं, बाय, तुझ्या कपाचा हिशोब मला करू दे. तिने हसत हसत सगळं सांगितलं. तिची माती बाहेरून येते, कारण आपल्या शेतातली लाल माती तिच्या भट्टीच्या बाराशे अंशांना टिकत नाही, वितळून बसते. पण आपल्याच तांबड्या मातीची पूड ती झिलईत घालते, तिच्या भाषेत ग्लेझमध्ये, त्यातल्या लोहाने तो तपकिरी रंग येतो. भट्टी दोनदा लावावी लागते, एकदा कच्च्याला आणि एकदा झिलईला. गॅस. पावसात वाळवण तिप्पट लांबतं, म्हणून जून ते सप्टेंबर ती लहान वस्तूच करते आणि नवीन ऑर्डर घेत नाही. फुटकं-तडकलेलं धरलं, हाताचे तास धरले, पावसाळ्याचे महिने बाकीच्या महिन्यांवर वाटले. पाचशे ऐंशीच्या वर आकडा गेला. साडेसहाशेत तिला सुटतं ते थोडंच.

हाच हिशोब मी आबाच्या मडक्याचा केला असता तर त्याचा भाव किती आला असता, ते काढायला बसलो होतो घरी. पुरं केलं नाही.

"कर्ज घेतलंस?" मी विचारलं. "नाही काका," ती म्हणाली, "हप्त्याची भीती वाटते."

तिसऱ्या खेपेला मी आबाचा गुरगुलेट घेऊन गेलो. चाळीस वर्षं कपाटावर होता, तोंडाचा एक टवका उडालेला. तिने तो उजेडात धरला, आत हात जाईना म्हणून आरसा आणि मोबाईलचा दिवा घेऊन पाहिलं. मानेत बोटांच्या गोल रेषा होत्या, चाकावरच्या. खाली पोटात रेषा नाहीत, नुसते दगडाचे चपटे ठसे. "काका, हा दोघांनी केलाय," ती म्हणाली. मी म्हटलं, हो. मग तिने बोटाने वाजवला. आवाज खणखणीत. म्हणाली, शोभेला कशाला ठेवलाय, रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, भोकं मोकळी होतील आणि परत पाणी गार करील.

तसं केलं. पहिल्या दिवशी नुसता मातीचा वास. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याखाली ओट्यावर ओलं गोल उमटलं होतं. सध्या पाणी त्यातलंच पितो, फ्रिजचं बंद केलंय. त्या मुलीचा तो साडेसहाशेचा कपही घेतला, सकाळचा चहा त्यात.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी डिचोलीची, कळंगुटची किंवा वाडीकडची जुनी मातीची भांडी असतील तर फोटो टाका, आणि तुमच्या गावात त्या भांड्याला काय म्हणतात तेही लिहा. आजीच्या तोंडची दोन-तीन नावं मला आठवत नाहीत. भाताची पेज गाळायला एक चपटं भांडं असायचं, त्याला काय म्हणायचे?

(लेख फार लांबला, माफी असावी.)